भाकरी, बिस्कीट आणि ब्रश : म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातांचा इतिहास

गेल्या वर्षीची गोष्ट. माझे एक जुने रुग्ण आहेत. वय सत्तरीच्या पुढे, वीस वर्षांचा मधुमेह, दर महिन्याला साखर दाखवायला येतात. सगळं तपासून झालं की उठता उठता एखादा प्रश्न टाकायची त्यांची सवय आहे. त्या दिवशी म्हणाले, "डॉक्टर, आमचा मोत्या बारा वर्षांचा झाला. हल्ली भाकरी हुंगतो आणि मागे सरतो. ताटलीपाशी धावत येतो, म्हणजे भूक असणार. पण खात नाही. काय असेल?"

मी माणसांचा डॉक्टर. बाहेर पंधरा पेशंट बसलेले. मी म्हणालो, "काका, वय झालं त्याचं. भूक मंदावते."

दोन महिन्यांनी काका पुन्हा आले तेव्हा त्यांनी बाकीची गोष्ट सांगितली. मोत्या हाडाचा सापळा झाला म्हणून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, भूल दिली आणि अकरा दात काढले. मागच्या दाढांच्या मुळाशी पू होता. "आठवड्याभरात वाडगा चाटूनपुसून साफ करायला लागला. त्याला भूक होतीच हो डॉक्टर. चावता येत नव्हतं."

काकांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पण मला ते लागलं. "भूक आहे, पण खात नाही" असं कुणी माणसाबद्दल सांगितलं असतं, तर मी आधी "आ करा" म्हणालो असतो. कुत्र्याच्या बाबतीत मी न बघताच वयावर खापर फोडून मोकळा झालो.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो. आश्चर्य असं, की मेडिकल कॉलेजात जीवनसत्त्वांबद्दल आणि हिरड्यांबद्दल मी जे शिकलो, त्यातलं बरंच कुत्र्यांच्या तोंडातून आलेलं आहे. आज तो इतिहास सांगतो. ज्यांच्या घरी म्हातारा कुत्रा आहे त्यांना तो उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे नाही, त्यांनाही स्वतःच्या दातांसाठी पडेल.

कुत्र्याचं तोंड वेगळं कसं?

आपल्याला 32 दात, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला 42. आपल्या दाढा जात्यासारख्या दळतात, त्याच्या मोठ्या दाढा कात्रीसारख्या कापतात. त्याची लाळ आपल्यापेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे दात किडणं हा आपला नेहमीचा आजार कुत्र्यात कमी दिसतो. पण त्याच लाळेमुळे दातांवर क्षार लवकर बसतात.

प्रकार असा घडतो. दातावर जंतूंचा एक चिकट, पातळ थर जमतो. त्याला प्लाक म्हणतात. तो पुसला गेला नाही तर त्यात क्षार बसून कठीण, पिवळट-तपकिरी किटण तयार होतं. हिरडी सुजते, दातापासून सुटते, मधे खाच पडते. त्या खाचेत जंतू उतरतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. हे सगळं हळूहळू, वर्षानुवर्षं चालतं. म्हणून त्याचा हिशेब म्हातारपणी पुढे येतो. हा आजार म्हातारपणामुळे झालेला नसतो, तो म्हातारपणापर्यंत साचलेला असतो.

बिस्किटाचा जन्म

हजारो वर्षं कुत्रा माणसाचं उरलंसुरलं खात आला. आपल्याकडे भाकरीचा तुकडा, युरोपात पाव, लापशी, हाडं. या सहवासाची खूण त्याच्या जनुकांतही आहे. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, असं स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवलं. म्हणजे भाकरी कुत्र्याला पचते. ती एकटी पुरते का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर पुढे येईल.

कुत्र्यासाठी वेगळं अन्न विकत घ्यायचं ही कल्पना मात्र जेमतेम एकशेसाठ वर्षांची. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस इमारतींवर बसवायचे वीजरोधक विकायला लंडनला गेला होता. बंदरात जहाजावरची टणक बिस्किटं कुत्रे आवडीने खाताना पाहून त्याला कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. 1860 च्या सुमारास त्याने गहू, भाज्या आणि वाळवलेलं मांस यांची कुत्र्यांसाठीची बिस्किटं बाजारात आणली. पुढे त्याच कंपनीत चार्ल्स क्रफ्ट हा मुलगा नोकरीला लागला आणि त्याने 1891 मध्ये सुरू केलेलं श्वानप्रदर्शन आजही 'क्रफ्ट्स' नावाने भरतं. 1908 मध्ये न्यूयॉर्कला हाडाच्या आकाराचं 'मिल्क-बोन' बिस्कीट आलं. ते चावून कुत्र्याचे दात स्वच्छ होतात, अशी जाहिरात पुढे सुरू झाली.

1922 मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचं डबाबंद अन्न आलं. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डबे मागे पडले आणि कोरडं अन्न वाढलं. 1957 पासून यंत्रात दाबून, फुगवून केलेले दाणे मिळू लागले. आज दुकानात मिळतात ते हेच.

या सगळ्या काळात लोकांच्या मनात एक समज पक्का बसला : कडक खाल्लं की दात साफ, मऊ खाल्लं की दात खराब. तो किती खरा, हे कळायला बराच वेळ लागला. त्याआधी कुत्र्यांनी आपल्याला दोन फार मोठ्या गोष्टी शिकवल्या.

पहिला धडा : मुडदूस आणि पिल्लांचे दात

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या शहरांत मुडदूस घरोघर होता. मुलांचे पाय वाकायचे, दात उशिरा आणि वेडेवाकडे यायचे. कारण माहीत नव्हतं. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मुख्यतः लापशी आणि पाव अशा आहारावर ठेवलं. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की तो टळायचा. हे काम 1918-19 मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच पिल्लांच्या जबड्यांकडे बघणारी व्यक्ती होती त्यांची पत्नी, मे मेलनबी. त्याही शास्त्रज्ञ होत्या. 1918 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आहार आणि दातांची घडण यावरचं काम मांडलं. निकृष्ट आहारावरच्या पिल्लांचे दात उशिरा येत, जबड्याचं हाड कच्चं राही, दातांवरचं कवच पातळ आणि खडबडीत होई. दात हा एकदा बसवलेला निर्जीव दगड नसून आहारातून घडतो, हे त्यांनी डोळ्यांना दिसेल असं दाखवलं.

तेलातला तो घटक म्हणजे अ जीवनसत्त्व असावं असं आधी वाटलं. 1922 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी तो वेगळाच असल्याचं सिद्ध केलं आणि अ, ब, क नंतर त्याला ड हे नाव मिळालं. आज मी दिवसातून निदान दोन जणांना जे जीवनसत्त्व तपासून घ्यायला सांगतो, त्याची वाट अशी पिल्लांच्या जबड्यातून गेलेली आहे.

यात एक बारकावा आहे. आपली त्वचा उन्हात ड जीवनसत्त्व बनवते. कुत्र्याच्या त्वचेत ते फारच कमी बनतं, त्याला ते अन्नातूनच मिळावं लागतं. म्हणून "आमचा टॉमी दिवसभर अंगणात उन्हात असतो" हे उत्तर कुत्र्याला लागू पडत नाही. पण म्हणून आपल्या कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्याला देऊ नका. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर त्याची मूत्रपिंडं खराब होतात.

दुसरा धडा : काळी जीभ

त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा हा आजार हजारो गरिबांना ग्रासत होता. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, शेवटी भ्रम आणि मृत्यू. हे लोक मुख्यतः मक्यावर जगत. हा संसर्ग आहे असं बहुतेक डॉक्टर मानत. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून तो आहाराचा आजार असल्याचं दाखवायला सुरुवात केली. पण अन्नातलं नेमकं काय कमी पडतं, हे शोधायला माणसांवर किती प्रयोग करणार?

उत्तर कुत्र्याच्या तोंडात मिळालं. दक्षिणेतल्या कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा आजार व्हायचा. तोंड आतून लालभडक, घाण वास, चिकट लाळेच्या तारा, जीभ काळीनिळी. कुत्रा अन्नापाशी यायचा आणि परत फिरायचा. 1917 मध्ये चिटेंडन आणि अंडरहिल यांनी मांसाचा अंश नसलेल्या आहारावर कुत्र्यांना ठेवून असाच आजार घडवला. गोल्डबर्गर यांनी ओळखलं की हा कुत्र्याचा पेलाग्रा आहे. मग कोणत्या अन्नाने काळी जीभ बरी होते, हे ते एकेक करून पाहत गेले. यीस्ट, यकृत, मांस यांनी व्हायची. 1929 मध्ये ते वारले, तेव्हा मूळ घटक सापडायचा बाकी होता. 1937 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी यकृतातून वेगळं केलेलं निकोटिनिक आम्ल काळी जीभ झालेल्या कुत्र्याला दिलं आणि तो बरा झाला. यालाच आपण नायसिन म्हणतो. पाठोपाठ माणसांचा पेलाग्राही त्याने बरा होऊ लागला.

ज्वारीची भाकरी आणि कुत्रा

आता आपल्या घरची गोष्ट. दख्खनच्या पठारावर मका हे मुख्य अन्न नव्हतं, तरी हैदराबादच्या परिसरात पेलाग्राचे रुग्ण दिसत. हे लोक ज्वारी खाणारे गरीब मजूर होते. कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तिथे डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी या कोड्याच्या मागे लागले. 1965 मध्ये बेलवाडी आणि गोपालन यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की मुख्यतः ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते शरीरात नायसिन बनण्याच्या आड येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ल्युसिनच्या या भूमिकेवर पुढे मतभेद झाले. पण एकट्या ज्वारीवर माणूस काय किंवा कुत्रा काय, नीट राहत नाही, ही गोष्ट कायम राहिली.

हे वाचून घाबरून भाकरी बंद करू नका. भाकरीबरोबर डाळ, दूध, अंडं, मांस असेल तर नायसिन आणि ते बनवायला लागणारं ट्रिप्टोफॅन मिळतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा कुत्र्याच्या वाट्याला नुसती भाकरी आणि पाणी येतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं हेच होतं. दात दुखतात म्हणून तो चिकनचा तुकडा सोडतो. मग "पचायला हलकं" म्हणून आपण दुधात कुस्करलेल्या भाकरीवर त्याला ठेवतो आणि महिनोन् महिने तेच चालू राहतं. तोंड आहार बिघडवतं आणि आहार तोंड बिघडवतो.

तिसरा धडा : नळीने जेवलेले कुत्रे

आता त्या जुन्या समजाकडे येऊ : कडक खाल्लं की दात साफ.

1939 मध्ये बर्वासर आणि हिल यांनी कुत्र्यांना कडक आणि मऊ आहार देऊन पाहिलं. कडक आहारावर हिरड्या बऱ्या राहिल्या. म्हणजे समजात तथ्य होतं. पण 1965 मध्ये स्वीडनच्या एगेलबर्ग यांनी एक साधा प्रश्न विचारला : अन्न तोंडात गेलंच नाही तर? त्यांनी कुत्र्यांना नळीने थेट पोटात अन्न दिलं. तरीही दातांवर प्लाक जमला आणि हिरड्या सुजल्या.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. प्लाक म्हणजे दातात अडकलेलं अन्न नव्हे. तो लाळेवर वाढणारा जंतूंचा थर आहे. खाल्लं नाही तरी तो जमतो. "मी गोड खात नाही, मग माझ्या हिरड्या का सुजतात?" असं विचारणाऱ्या माझ्या रुग्णांना हेच उत्तर आहे. उपासाच्या दिवशीही दात घासायचे असतात.

त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे हॅराल्ड लो यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर पुन्हा बऱ्या झाल्या. पण सूज तशीच ठेवली तर वर्षांनी काय होतं, हे माणसांवर कसं पाहणार? पुन्हा कुत्रे पुढे आले. लिंडे, हॅम्प आणि लो यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाचे दात दिवसातून दोनदा ब्रशने घासले, दुसऱ्याचे घासलेच नाहीत. असं चार वर्षं. 1975 मध्ये निष्कर्ष आले. घासलेल्या कुत्र्यांच्या हिरड्या चांगल्या राहिल्या. न घासलेल्यांपैकी बहुतेकांच्या दाताभोवतीचं हाड झिजत गेलं. सगळ्यांचं नाही, कारण शरीराची ठेवण प्रत्येकाची वेगळी. पण फरक स्पष्ट होता.

या प्रयोगांतल्या कुत्र्यांनी आपल्यासाठी फार सोसलं. काही प्रयोगांना आज परवानगीही मिळणार नाही. निदान जे कळलं ते वाया तरी जाऊ नये.

मग म्हाताऱ्या कुत्र्याचं काय करायचं?

मी जनावरांचा डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं सांगणार नाही. पण या इतिहासातून निघणाऱ्या गोष्टी कोणालाही सांगता येतील अशा आहेत.

1. तोंड बघा. घाण वास, एकाच बाजूने चावणं, घास उचलून खाली टाकणं, पंजाने तोंड खाजवणं, लाळेत रक्त, डोळ्याखाली सूज ही दाताच्या दुखण्याची लक्षणं असू शकतात. डोळ्याखालची सूज बऱ्याचदा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाल्याने येते. "कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच" हे खरं नाही.

2. ब्रशला पर्याय नाही, पण घाईही नको. आधी काही दिवस बोटाला मऊ कापड गुंडाळून फक्त बाहेरच्या बाजूने फिरवा. मग मऊ ब्रश. पेस्ट कुत्र्यांसाठीचीच घ्या. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड तो गिळतो आणि काहींमध्ये झायलिटॉल असतं. झायलिटॉलने कुत्र्याची साखर एकदम खाली जाते आणि यकृतावरही परिणाम होतो. हिरड्या आधीच सुजलेल्या असतील तर घासण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

3. कडक म्हणजे दगड नव्हे. फार टणक हाडं चावून मोठी दाढ फुटते आणि शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या आतड्यात रुततात. कडक खाणं थोडी मदत करतं, पण ते ब्रशचं काम करत नाही.

4. दात गेले तरी आहार पूर्ण हवा. दात काढलेला कुत्रा मऊ अन्न उत्तम खातो. कुस्करलेल्या भाकरी-भातात उकडलेलं अंडं, बारीक केलेलं चिकन घाला. घरचंच अन्न देत असाल तर कॅल्शियम कमी पडतं, त्याचं प्रमाण जनावरांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मटणाच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, तो त्याच्या रक्तपेशींना घातक आहे. द्राक्षं आणि मनुकेही नकोत.

5. मूत्रपिंडाची तपासणी करा. अंध मॉरिस फ्रँक यांच्या 'बडी' या वाटाड्या कुत्र्याची मूत्रपिंडं खराब झाली, तेव्हा डॉ. मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी खास आहार बनवला. 1948 पासून तशा आहाराचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं. म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं आणि फॉस्फरस किती द्यायचं, हे रक्त तपासल्यावरच ठरवावं.

6. भूल द्यायला वय आडवं येतंच असं नाही. किटण नीट काढायला भूल लागते. हृदय आणि मूत्रपिंडं तपासून धोका किती ते डॉक्टर सांगतील. पण "आता या वयात कशाला" म्हणून तोंडात पू ठेवणं हाही धोकाच आहे.

आणि काकांचं काय?

मोत्याची गोष्ट ऐकून झाल्यावर मी काकांना म्हणालो, "आता तुम्ही आ करा." ते हसले. पण खालचे दोन दात हलत होते आणि हिरडीला बोट लावताच रक्त आलं. वीस वर्षं मी त्यांची साखर, रक्तदाब, पायांची बोटं, डोळे सगळं पाहत होतो. तोंडात कधी नीट बघितलं नव्हतं. मधुमेहाने हिरड्यांचा आजार वाढतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखर आवरणं अवघड होतं, हे मला ठाऊक असूनही.

त्यांना दंतवैद्यांकडे पाठवलं. हिरड्यांची सफाई झाली, दोन दात गेले. पुढच्या खेपेला साखर थोडी उतरली होती. औषधही त्याच वेळी बदललं होतं, त्यामुळे श्रेय कोणाचं ते सांगता येत नाही. पण आता ते दाण्याची चटणी चावून खातात, एवढं नक्की.

"वय झालं" हे निदान नाही, हे मला मोत्याने शिकवलं. तुमच्या घरात कोणी म्हातारं, दोन पायांचं किंवा चार पायांचं, ताटावरून परत फिरत असेल, तर आधी त्याचं तोंड उघडून बघा.